पटकी, पंढरपूर आणि पेशीचं दार

१८१८ च्या मे महिन्यात जनरल मन्रोच्या फौजेनं सोलापूरला वेढा घातला आणि पाच दिवसांत भुईकोट किल्ला पडला. जूनमध्ये दुसरा बाजीराव इंग्रजांना शरण गेला. पेशवाई बुडाल्याची ही तारीख शाळेत पाठ करून घेतात. त्याच पावसाळ्यात दख्खनमध्ये आणखी एक आक्रमण झालं, त्याची तारीख मात्र कुणाला विचारली जात नाही. आदल्या वर्षी बंगालमधल्या जेसोरकडून निघालेली पटकी, म्हणजे कॉलरा, नोव्हेंबरात बुंदेलखंडातल्या लॉर्ड हेस्टिंग्जच्या छावणीत घुसली होती आणि तिथं शिपाई, नोकर, हमाल हजारोंनी मेले होते. तिथून फौजांच्या, लमाणांच्या आणि यात्रेकरूंच्या वाटांनी ती दक्षिणेला सरकली. औरंगाबाद, अहमदनगर, पुणे घेत ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोचली. वाटेत पंढरपूर होतंच.

जुलाब-वांतीचे आजार आपल्याकडे नवे नव्हते. पण या साथीत सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी जायचा. तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके ढाळ, मागोमाग वांत्या, पोटऱ्यांत गोळे, डोळे खोल, आवाज बसलेला, बोटांची टोकं सुरकुतलेली. नाडी हाताला लागेनाशी होते, पण शुद्ध बहुतेक वेळा शेवटपर्यंत शाबूत. उपचार मिळाला नाही तर गंभीर रुग्णांपैकी निम्मे मरतात. माणसाच्या शरीरातलं पाणी तासाला एक लिटरच्या वेगानंही निघून जाऊ शकतं, एवढं लक्षात घेतलं की हा वेग समजतो.

या रोगाला पंढरपुरासारखी जागा शोधूनही सापडली नसती. आषाढी पावसाळ्याच्या तोंडावर येते. भीमेला नवं पाणी आलेलं असतं आणि त्या पाण्याबरोबर वरच्या गावांचा सगळा मळ आलेला असतो. वाळवंटात मुक्काम, वाळवंटातच प्रातर्विधी, तिथंच स्नान आणि तेच पाणी तीर्थ म्हणून ओंजळीत. वारी संपली की ही माणसं आपापल्या गावी परततात. आळंदी-देहूकडची, मराठवाड्यातली, वऱ्हाडातली, कर्नाटकातली. म्हणजे एका नदीकाठी जमलेला जंतू पंधरा दिवसांत शेकडो विहिरींपर्यंत पोचवायची व्यवस्था आपोआप तयार असायची. हे ज्ञान अर्थात नंतरचं. त्या वेळी गावांना मरीआई ठाऊक होती. साथ आली की देवीचा गाडा सजवायचा, पोतराजानं पुढं चालायचं आणि गाडा वाजत-गाजत शिवेबाहेर नेऊन सोडायचा. पलीकडच्या गावाला तो नको असायचा, तेही तो पुढं ढकलायचं. यावरून मारामाऱ्या व्हायच्या. मला या प्रथेत अडाणीपणापेक्षा एक अचूक निरीक्षण दिसतं: रोग वाटेनं येतो आणि शीव ओलांडतो, हे गावकऱ्यांनी ओळखलेलं होतं. इंग्रज डॉक्टरांचा मोठा वर्ग त्यानंतर कितीतरी दशकं दूषित हवेलाच दोष देत बसला होता.

सरकारचं लक्ष यात्रांकडे खऱ्या अर्थानं वळलं ते १८६५ नंतर. त्या वर्षी मक्केच्या यात्रेत पटकी पसरली, तिथून ती इजिप्तमार्गे युरोपात गेली, आणि १८६६ साली कॉन्स्टँटिनोपलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. रोगाचं मूळ हिंदुस्थानात आणि वाहन यात्रा, असा ठपका तिथं ठेवला गेला. पुढच्याच वर्षी हरिद्वारच्या कुंभात साथ भडकली. आता प्रत्येक मोठी यात्रा सरकारी कागदांत संशयित ठरली. सोलापूरच्या कलेक्टरसाठी वर्षातून दोनदा, आषाढी आणि कार्तिकीला, हा डोकेदुखीचा विषय होऊन बसला.

तोवर आगगाडी आली होती. जीआयपी रेल्वे १८६० साली सोलापूरपर्यंत पोचली. वारकरी बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला, उतरून पुढं बैलगाडीनं किंवा पायी जाऊ लागले. १९०६ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी अरुंद लाइन थेट पंढरपुरात आली. पायी वारीत आजारी पडलेला माणूस वाटेतच मागं राहायचा. रेल्वेनं तोच माणूस दुसऱ्या दिवशी दोनशे मैलांवर पोचू लागला. मग साथ दिसली की पंढरपूरची तिकिटं देणं बंद करायचं, यात्रेकरूंना पांगवायचं, यात्रेवर बंदी घालायची, असे उपाय सुरू झाले. प्लेगच्या काळात ते आणखी कडक झाले. यात्रेकरूंकडून कर घेतला जायचा आणि त्यातून नगरपालिकेनं स्वच्छता राखावी अशी अपेक्षा होती. यमाई तलावाचं पाणी शहराला मिळालं, विहिरींत पोटॅशियम परमँगनेट पडू लागलं. त्या गुलाबी-लाल पाण्याची आठवण, ‘लाल औषध’ म्हणून, जुन्या माणसांच्या बोलण्यात बरीच वर्षं टिकून होती. हॅन्किन या आग्र्याच्या शास्त्रज्ञानं १८९० च्या दशकात ही पद्धत रूढ केली.

तिकीटबंदी मला नेहमीच थोडी हास्यास्पद वाटत आली आहे. जी माणसं पिढ्यान्पिढ्या पायी येत होती, त्यांना तिकीट मिळालं नाही म्हणून पंढरी चुकेल, हे कुणाच्या डोक्यात आलं असेल? दुसरीकडे, बंदीला विरोध करणाऱ्यांनाही साथीत मरणाऱ्यांची संख्या दिसत होती. धर्म विरुद्ध आरोग्य या वादात कागद पुष्कळ खर्ची पडला. आजारी पडलेल्या वारकऱ्याला नेमकं द्यायचं काय, हा प्रश्न त्यात कुठंतरी मागं राहिला.

कारण द्यायला फारसं काही नव्हतंच. एकोणिसाव्या शतकातला डॉक्टर पटकीच्या रुग्णाला पाऱ्याचं कॅलोमेल द्यायचा, अफूचा अर्क द्यायचा आणि शीर कापून रक्त काढायचा. ज्याच्या अंगातलं पाणी संपत आलंय त्याचं रक्त काढायचं! पाणी मागणाऱ्या रुग्णाला पाणी द्यायचं नाही, कारण वांती होते, हा समज डॉक्टरांत होता आणि घराघरांतही होता. तहानेनं तडफडत माणसं जायची आणि जवळच पाण्याचा तांब्या असायचा.

खरं तर उत्तराचा अर्धा भाग १८३१ सालीच सापडला होता. पटकी तेव्हा पहिल्यांदा इंग्लंडच्या किनाऱ्याला लागली होती. विल्यम ब्रूक ओशॉनेसी नावाचा जेमतेम बावीस वर्षांचा आयरिश डॉक्टर रुग्णांचं रक्त तपासायला गेला. रक्त घट्ट झालेलं होतं. त्यातलं पाणी आणि क्षार कमी झाले होते आणि तेच क्षार ढाळांत सापडत होते. त्यानं सुचवलं, गेलंय ते परत भरा. काही महिन्यांत, १८३२ मध्ये, स्कॉटलंडमधल्या लीथ बंदरात टॉमस लाटानं ते करून पाहिलं. एका मरणासन्न म्हातारीच्या शिरेतून त्यानं मिठाचं पाणी सोडलं. सुरुवातीला काहीच फरक पडला नाही. मग श्वास सुधारला, नाडी आली, गालांवर रंग आला, आणि बाई बोलू लागली. लाटा तिला दुसऱ्या डॉक्टरच्या हवाली करून गेला. ढाळ चालूच होते, पाणी पुन्हा भरलं गेलं नाही, आणि काही तासांत ती गेली.

या एका प्रसंगात पुढच्या सव्वाशे वर्षांची कथा आहे. भरलेलं पाणी टिकत नाही म्हणून ते भरत राहावं लागतं. लाटाच्या टीकाकारांनी त्यातून उलटा निष्कर्ष काढला की उपायच व्यर्थ आहे. पाणी निर्जंतुक नसल्यानं काही रुग्ण जंतुसंसर्गानंही दगावले असणार. लाटा पुढच्याच वर्षी वारला. ओशॉनेसी १८३३ साली कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आला, तिथं रसायनशास्त्र शिकवलं, गांजाच्या औषधी उपयोगावर काम केलं आणि १८५० च्या दशकात हिंदुस्थानभर तारायंत्राचं जाळं उभारलं. त्याच तारांवरून पुढं साथींच्या वर्द्या जिल्ह्याजिल्ह्यांतून धावू लागल्या. त्याच्या पटकीवरच्या निष्कर्षाला मात्र तारेइतकी गती मिळाली नाही.

रोगाचा जंतू इटलीत पाचिनीनं १८५४ मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. त्याच वर्षी लंडनमध्ये जॉन स्नोनं पाण्याच्या पंपाकडे बोट दाखवलं. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉखनं कलकत्त्यात तो स्वल्पविरामासारखा जंतू पक्का केला. १८९३ पासून हाफकिननं हिंदुस्थानात पटकीची लस टोचायला सुरुवात केली. तीन वर्षांनी प्लेगच्या कामासाठी तो मुंबईत आला आणि परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्याचं नाव मिळालं. लशीचा वारीशी संबंध दीर्घकाळचा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पंढरपुरात शिरण्याआधी दंडात पटकीची सुई टोचून घेणं वारकऱ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. ती जुनी लस थोडेच महिने आणि अर्धवटच संरक्षण द्यायची, जंतूचा प्रसारही थांबवत नव्हती. शेवटी १९७३ मध्ये जागतिक आरोग्य सभेनं आंतरराष्ट्रीय प्रवासासाठीची पटकीच्या टोचणीची अट काढून टाकली.

उपचाराच्या बाजूला कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्सनं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शिरेतून तीव्र मिठाचं पाणी देऊन मृत्यूचं प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपासवरून जवळजवळ निम्म्यावर आणलं. पण त्यासाठी निर्जंतुक पाणी हवं, काचेच्या बाटल्या, सुया, नळ्या आणि शीर शोधणारा सराईत हात हवा. पंढरपूरजवळच्या वाखरीच्या माळावर रात्री दोन वाजता पंचवीस जण आडवे झाले, तर हे कुठून आणायचं?

सरळ उपाय म्हणजे तोंडानं पाणी देणं. पण तो फसत होता. पटकीच्या रुग्णाला नुसतं मिठाचं पाणी पाजलं तर ढाळ वाढतात, पाणी अंगी लागत नाही. म्हणून डॉक्टरांची ठाम समजूत झाली की आतड्याचं अस्तरच या रोगात सोलून निघतं, आणि सोललेलं आतडं काही शोषणार नाही. थोर जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फिर्खोच्या काळापासून हे मानलं जात होतं. मृत्यूनंतर तपासलेल्या आतड्यांवरून ते बांधलेलं होतं, आणि मेल्यावर आतड्याचं अस्तर लवकर सुटतं हे कुणी हिशेबात धरलं नव्हतं. १९६० च्या सुमाराला युजीन गँगारोसा या अमेरिकन डॉक्टरनं बँकॉकमध्ये जिवंत रुग्णांच्या आतड्यातून तुकडे घेऊन पाहिले, तेव्हा अस्तर अखंड निघालं.

मग पाणी जात कसं होतं? याचं पहिलं नीट उत्तर कलकत्त्यातल्या एका साध्या प्रयोगशाळेतून आलं. शंभूनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा एक भाग दोन्हीकडून बांधून त्यात पटकीच्या जंतूंचा गाळलेला द्रव घातला. जंतू एकही नव्हता, फक्त त्यांनी सोडलेला स्राव. आतड्याचा तो भाग पाण्यानं टम्म फुगला. १९५९ मध्ये ‘नेचर’मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. जंतू आतडं खात नाही, फाडत नाही, तो एक विष सोडतो, हे त्यातून सिद्ध झालं. डे यांना हयातीत मायदेशात मिळायला हवा होता तेवढा मान मिळाला नाही, ही गोष्ट आता वारंवार सांगितली जाते आणि ती खरी आहे.

ते विष काय करतं हे समजायला पेशीच्या कडेपाशी थोडं थांबावं लागेल.

पेशीभोवती स्निग्ध रेणूंचा दुहेरी पडदा असतो. प्राणवायूसारखे छोटे रेणू त्यातून सहज पार होतात. मीठ आणि साखर होत नाहीत. मिठातला सोडियम विद्युतभारित असतो आणि साखर पाण्यात रमणारी असते. तेलकट पडदा दोघांनाही अडवतो. म्हणून पडद्यात प्रथिनांची दारं असतात, प्रत्येक दार ठरावीक पाहुण्यासाठी. यातला सगळ्यात कष्टाळू म्हणजे सोडियमचा पंप. डेन्मार्कच्या येन्स स्कोउनं तो १९५७ मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूंत शोधला आणि त्यासाठी चाळीस वर्षांनी नोबेल घेतलं. हा पंप ऊर्जा खर्चून दर खेपेला तीन सोडियम बाहेर फेकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. चंद्रभागेतल्या गळक्या होडीतून नावाडी जसा सतत पाणी उपसतो, तसा हा थांबतच नाही. आतड्याच्या पेशीत तो रक्ताच्या बाजूला बसलेला असतो, त्यामुळं पेशीत सोडियम नेहमी कमी असतो आणि आतड्याच्या पोकळीतल्या सोडियमला आत येण्याची ओढ कायम असते. सोडियम आत आला की मागोमाग पाणी येतं.

आपल्या आतड्यात रोज आठ-नऊ लिटर पाणी उतरतं. प्यायलेलं दोनच लिटर, बाकी लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस. एवढ्यातून बाहेर पडतं जेमतेम शे-दोनशे मिलिलिटर. उरलेलं सगळं या ओढीनं परत घेतलं जातं. पटकीचं विष या व्यवहाराची उलटी बाजू उघडते. ते पेशीत शिरून एक रासायनिक कळ दाबून ठेवतं, आणि क्लोराइडची दारं सताड उघडी पडतात. क्लोराइड पोकळीत ओतला जातो, सोडियम आणि पाणी त्याच्यामागं. कळ परत वर येत नाही. पण आतड्याच्या या पेशींचं आयुष्यच तीन ते पाच दिवसांचं असतं. विष चढलेल्या पेशी गळतात, नव्या येतात. म्हणजे रुग्णाला चार-पाच दिवस जिवंत ठेवलं की रोग आपणहून संपतो. साऱ्या उपचाराचं गुपित एवढंच आहे, पाणी भरत राहा.

पण कुठल्या दारानं? १९६० च्या ऑगस्टमध्ये प्राग शहरात पेशींच्या पडद्यांवर एक परिसंवाद भरला. रॉबर्ट क्रेन या अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञानं तिथं एक आकृती मांडली. आतड्याच्या पेशीत साखर एकटी शिरत नाही, तिला सोडियम सोबत लागतो. दोघांसाठी मिळून एकच वाहक प्रथिन आहे आणि सोडियमच्या उतारावर साखर आत ओढली जाते. क्रेनला पटकीशी काही देणंघेणं नव्हतं. साखर पेशीत शिरते कशी, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. पण त्या आकृतीचा दुसरा अर्थ असा होता की साखर दिली तर सोडियमही आत जाईल, आणि सोडियमबरोबर पाणी. विष क्लोराइडचं दार उघडं ठेवतं, हे साखर-सोडियमचं दार मात्र त्याच्या तडाख्यातून सुटतं.

हे दुवे जुळायला आणखी काही वर्षं आणि काही मृत्यू लागले. अमेरिकन नौदलाचा रॉबर्ट फिलिप्स यानं मनिलात रुग्णांना साखर-मिठाचं पाणी तोंडानं दिलं तेव्हा फायदा दिसला. पुढच्या मोठ्या चाचणीत पाण्यातल्या क्षारांचं प्रमाण आणि रुग्णांवरची देखरेख चुकली, काही रुग्ण दगावले आणि तो खचला. ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड सॅकारनं रुग्णांच्या आतड्यातला विद्युतदाब मोजला, त्यात साखर घातल्यावर सोडियम अजूनही शोषला जातो हे दिसलं. १९६८ मध्ये तिथंच नॅलिन आणि कॅश या तरुण डॉक्टरांनी जेवढं जाईल तेवढं मोजून तोंडानं भरायचं, अशी सरळ पद्धत सिद्ध केली. गंमत अशी की कलकत्त्याच्या हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ सालीच ‘लॅन्सेट’मध्ये १८६ रुग्णांना तोंडानं मीठ-ग्लुकोजचं पाणी दिल्याचं लिहिलं होतं. ते कुणी मनावर घेतलं नाही. त्यांच्याकडे तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, मोजमापं अपुरी होती, हे खरं. पण मला वाटतं, पाणी तोंडानं प्यायचं हा उपचार डॉक्टरांना उपचारासारखाच वाटला नाही. सुई नाही, नळी नाही, स्टँड नाही.

ती भीड मोडली १९७१ मध्ये. बांगलादेशातून कोटीभर माणसं सीमा ओलांडून आली. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या रुग्णालयात पटकीचे रुग्ण फरशीवर ओळीनं पडले होते आणि शिरेतून द्यायच्या सलाइनचा साठा संपत आला होता. तिथले डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी निर्णय घेतला. एक लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. कलकत्त्यात पुड्या भरायच्या, बनगावला ड्रममध्ये कालवायच्या, आणि आई-बापांनी, नातेवाइकांनी तोट्यांखाली पेले धरून रुग्णांना पाजायचं. लोकांचा विश्वास बसावा म्हणून त्याला तोंडानं घ्यायचं सलाइन म्हणत. तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’नं संपादकीयात लिहिलं की सोडियम आणि ग्लुकोज एकमेकांच्या साथीनं आत जातात हा शोध कदाचित शतकातला सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल. महालनबीस २०२२ मध्ये गेले. पद्मविभूषण त्यांना मरणोत्तर, पुढच्या वर्षी मिळालं.

महाराष्ट्रात या पुडीला जलसंजीवनी म्हणतात. पंढरपूरच्या वाटेवर तिच्याबरोबर टीसीएल पावडर असते. पालखीमार्गावरच्या विहिरी आणि टँकर त्या ब्लीचिंग पावडरनं शुद्ध करायचे, ओटी टेस्ट करून पाण्यात क्लोरीन उतरलं का बघायचं, हॉटेलं आणि रसवंत्या तपासायच्या, हे आरोग्य कर्मचाऱ्यांचं आषाढातलं ठरलेलं काम. आषाढीला भीमेचं पाणी आता उजनी धरणातून सोडलेलंही असतं. साथी पूर्ण संपलेल्या नाहीत. १९९२ मध्ये मद्रासकडून ओ१३९ नावाचा नवा प्रकार उठला तेव्हा देशभर पुन्हा धावपळ झाली. पण वारी म्हटली की कॉलरा हे जे समीकरण इंग्रजांच्या अहवालांत पन्नास-साठ वर्षं छापलं जात होतं, ते गळून पडलं आहे.

याचं श्रेय सगळं पुडीला देणं मात्र चुकीचं होईल. पुडी मरणाऱ्याला वाचवते, नदीत जंतू जाण्यापासून थांबवत नाही. वाळवंटातली आणि शहरातली घाण काढण्याचं काम विशिष्ट जातींच्या सफाई कामगारांच्या हातांवर टाकलेलं होतं, तेही अगदी परवा-परवापर्यंत. मुंबई उच्च न्यायालयाला पंढरपुरातल्या मैलासफाईच्या प्रश्नात २०१४ च्या सुमाराला हस्तक्षेप करावा लागला आणि त्यानंतर फिरत्या शौचालयांची संख्या वाढली. १८६० च्या दशकात स्वच्छतेची जी यादी सरकारनं करून ठेवली होती, त्यातलीच ही कामं. दीडशे वर्षं यादी कागदावर होती. प्रागमधली आकृती पंढरपूरपर्यंत पोचायला त्यामानानं कमी वेळ लागला.

क्रेननं मांडलेलं ते वाहक प्रथिन १९८७ मध्ये अर्नेस्ट राइटच्या प्रयोगशाळेनं जनुकासह ओळखलं. दर फेरीला दोन सोडियम आणि एक ग्लुकोज, असा त्याचा हिशेब आहे. मूळच्या मिश्रणात सोडियम जरा जास्त होता. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं दोघांचं प्रमाण सारखं करून, एकूण क्षार-साखर कमी करून नवं सूत्र ठरवलं. त्यात उलट्या कमी होतात आणि सलाइन लावायची वेळ कमी वेळा येते. घरी पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त पडलं तर घातक, म्हणून चमचा सपाटच.

त्या प्रथिनाचं एक भावंड मूत्रपिंडात असतं. रक्तातून गाळलेली साखर ते परत शरीरात घेतं. सफरचंदाच्या मुळांच्या सालीतून १८३५ मध्ये सापडलेलं फ्लोरिझिन नावाचं कडू द्रव्य या दारांना कुलूप घालतं, हे क्रेनच्या पिढीला ठाऊक होतं. त्याच द्रव्याच्या मागावर जाऊन मधुमेहाची नवी औषधं तयार झाली. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही नावं आता सोलापूरच्या कुठल्याही औषध दुकानात चिठ्ठीवर दिसतात. पेटंट संपल्यावर त्यांच्या किमती उतरल्या. ती मूत्रपिंडातलं दार बंद करतात, साखर लघवीतून निघून जाते आणि तिच्याबरोबर थोडं पाणीही.

साठी ओलांडलेल्या काही वारकऱ्यांच्या पिशवीत आता या गोळ्यांची पट्टी आणि जलसंजीवनीची पुडी एकत्र असते. एक गोळी मूत्रपिंडाचं दार लावते, एक पुडी आतड्याच्या दाराचा उपयोग करते. जुलाब-उलट्या सुरू झाल्या, पाणी पोटात टिकेना, तर ही गोळी थांबवा आणि डॉक्टरांना विचारून जेवण सुरू झाल्यावर परत घ्या, असं डॉक्टर सांगतात. नाहीतर आधीच आटलेलं पाणी आणखी आटतं आणि रक्तातली आम्लता वाढू शकते. आरोग्य कक्षात पुडी हातात देण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न म्हणूनच हा: शुगरची गोळी कुठली चालू आहे?